पहिला हॅलोविन: अंगणातली भुतं आणि सेलमच्या दोन रात्री

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. न्यू जर्सीतल्या नव्या घरी ३१ ऑक्टोबरचा पहिलाच हॅलोविन, मुलं सहा आणि दहा वर्षांची, तर सजावट काय करावी? आणि ऑक्टोबरमध्येच दोन रात्री सेलमला, म्हणजे चेटकिणींच्या खटल्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या बॉस्टनजवळच्या गावाला, जाऊन यावं का? सजावट मनसोक्त करा. सेलमला जरूर जा, पण ऑक्टोबरमध्ये नको.

हवा भरून उभे राहणारे ते उंच राक्षस मी कधीच आणले नाहीत. त्यात मुलांच्या हातांना कामच नसतं. आमच्याकडे ऑक्टोबर लागला की आधी दारात शेवंतीच्या कुंड्या, मक्याची वाळकी ताटं आणि पेंढ्याचा एखादा गठ्ठा येतो. भुतं निघतात शेवटच्या दोन आठवड्यांत. टोमॅटोच्या रोपांना आधार द्यायच्या तारेच्या जाळ्या उलट्या ठेवायच्या, आत दिव्यांची माळ सोडायची आणि वरून जुनी पांढरी चादर. डोळे मुलांना काढू द्या, वाकडे आले तर वाकडेच राहू द्या. कापसासारखी ताणायची कोळिष्टकं मात्र बाहेर झाडांवर लावू नका, त्यात पक्षी अडकतात. जाड सुतळीचं मोठं जाळं विणा. ते लांबूनही छान दिसतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येतं.

भोपळा आणा हवा तेव्हा, कोरा मात्र हॅलोविनच्या दोन-तीन दिवस आधी. कोरलेला भोपळा ऊन लागलं तर आठवडाभरातच बुरशी धरून बसतो. झाकण वरून कापण्याऐवजी तळ कापा, म्हणजे भोपळा नुसता दिव्यावर ठेवता येतो. जिथे चेहरा कोरायचा तिथला गर आतून खरवडून भिंत पातळ करा, कापलेल्या कडांना पेट्रोलियम जेली लावा आणि आत मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवा. बिया धुऊन, वाळवून, तेल-मीठ-हळद-तिखट लावून ओव्हनमध्ये भाजा. कोरायचा भोपळा पाणचट असतो, त्याचे घारगे चांगले होत नाहीत. घारग्यांसाठी ‘पाय’ (pie) हा गोड पदार्थ करायला वापरतात तो छोटा गोड भोपळा वेगळा घ्या. (आयर्लंडमध्ये मुळात सलगम कोरत असत. तिथली माणसं अमेरिकेत आली आणि इथला मोठा, मऊ भोपळा त्यांच्या हाती लागला.)

हॅलोविनच्या संध्याकाळी मुलं वेश घालून दारोदार खाऊ मागत फिरतात. पोर्चचा दिवा लावलेला असला तर ‘या’, बंद असला तर ‘आमच्याकडे नको’, एवढं मुलांना सांगून ठेवा. एक छोटा भोपळा निळसर हिरव्या रंगात रंगवून पायरीवर ठेवा. ज्यांना शेंगदाण्याची किंवा दुधाची अ‍ॅलर्जी आहे त्यांच्यासाठी इथे खाऊशिवाय दुसरं काही आहे, अशी ती खूण. ही पद्धत २०१२ मध्ये टेनेसीत सुरू झाली आणि २०१४ पासून देशभर पसरली. वेगळ्या वाडग्यात पेन्सिली, स्टिकर ठेवले की झालं. अ‍ॅलर्जी असलेलं मूल तो भोपळा पाहून ज्या आनंदाने पायऱ्या चढतं, त्यासाठी मी हे दरवर्षी करते. दिवाळी जवळ आली असेल तर आकाशकंदीलही त्याच पोर्चवर लावा. शेजारी कौतुकाने विचारतात आणि ओळखी होतात.

आता सेलम. ऑक्टोबरमध्ये या छोट्या गावात लाखो लोक येतात. शनिवार-रविवारी पार्किंग सकाळीच भरतं, हॉटेलं कितीतरी महिने आधी जातात आणि मुलांना घेऊन रांगांमध्येच दिवस संपतो. न्यू जर्सीच्या बहुतेक शाळांना नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांच्या अधिवेशनामुळे गुरुवार-शुक्रवार सुट्टी असते. तेव्हा जा. गाडीने साडेचार-पाच तास धरा. बॉस्टनमध्ये राहिलात तर नॉर्थ स्टेशनहून लोकल गाडी अर्ध्या तासात सेलमला पोचवते. बॉस्टनची बोट हंगामी असते, तिच्यावर भिस्त ठेवू नका.

गर्दी नसताना जायला सांगते त्याचं खरं कारण वेगळं आहे. १६९२ मध्ये इथे १९ जणांना चेटूक केल्याच्या आरोपावरून फाशी दिलं आणि जाइल्स कोरी या म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडून मारलं. चार्टर स्ट्रीटच्या जुन्या दफनभूमीला लागून त्यांचं स्मारक आहे: दगडी भिंतीतून पुढे आलेली २० बाकं, प्रत्येकावर एक नाव आणि मृत्यूची तारीख. प्रवेशाशी जमिनीवर त्यांचे निर्दोषपणाचे शब्द कोरलेत, ते भिंतीखाली जाऊन मध्येच तुटतात. ऑक्टोबरच्या झुंबडीत त्यावरून माणसं चालत जातात आणि वाचायला कुणी थांबत नाही.

दहा वर्षांच्या मुलाला हे समजतं. त्याला हेही सांगा की एलिझाबेथ जॉन्सन या दोषी ठरवलेल्या बाईचं नाव २०२२ मध्ये निर्दोष म्हणून नोंदलं गेलं, आणि त्यासाठी पाठपुरावा केला होता नॉर्थ अँडोव्हर या गावच्या शाळेतल्या आठवीच्या वर्गाने. आपल्याकडे नंदुरबारच्या सातपुड्यात बाईला डाकीण ठरवून छळल्याच्या घटना आपण ऐकतो, महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, हेही त्याच गप्पांत येऊ द्या. सहा वर्षांच्या धाकट्याला एवढं नको. त्याला तोवर पीबॉडी एसेक्स संग्रहालयात न्या. केप ऑफ गुड होप (आफ्रिकेचं दक्षिण टोक) किंवा केप हॉर्न (दक्षिण अमेरिकेचं टोक) यांच्या पलीकडे जाऊन आलेल्या सेलमच्या दर्यावर्दींनी १७९९ मध्ये जमवायला सुरुवात केलेल्या वस्तूंतून ते उभं राहिलं, आणि आधुनिक भारतीय चित्रांचा मोठा संग्रहही तिथे आहे. वेळा आधी बघून घ्या.

आणि नोव्हेंबरमध्ये निघण्याआधी दुकानात एक चक्कर मारा. हॅलोविनच्या दुसऱ्या दिवसापासून दिव्यांच्या माळा निम्म्या किमतीत मिळतात, पुढच्या वर्षीच्या तेव्हाच घेऊन ठेवा.