सुताची गाडी आली की सर्टिफिकेटशिवाय काय तपासायचं?

तुम्ही विचारलंय की सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुताचं गोडाऊन नुकतंच तुमच्याकडे आलंय, प्रत्येक गाडीबरोबर गिरणीचं टेस्ट सर्टिफिकेट असतं, मग आपण आणखी काय बघायचं आणि किती पोती फोडायची?

सर्टिफिकेट गिरणीने तिच्याकडच्या नमुन्यावर दिलेलं असतं. तुमच्या दारात उतरलेली सगळी पोती त्याच लॉटची आहेत का, हे तुम्हालाच बघावं लागतं, तेही सूत वार्पिंगला, म्हणजे ताण्याचे धागे बीमच्या रुळावर गुंडाळायला, जायच्या आधी. एकदा बीम भरला की कुठला कोन, म्हणजे शंकूच्या आकाराच्या नळीवर गुंडाळलेलं सूत, कुठल्या पोत्यातला हे कुणालाच सांगता येत नाही, आणि व्यापारी हात वर करतो.

100 पोती असतील तर 11 फोडा. एकूण पोत्यांचं वर्गमूळ अधिक एक, हा जुना हिशेब अजून चालतो. मात्र सगळी दाराजवळची नकोत. हमाल गाडी खाली करतानाच उभे राहा आणि पुढची, मधली, तळातली अशी बाजूला काढून घ्या. लॉट नंबर आणि कोनच्या नळीचा रंग गाडीबरोबर आलेल्या चलनाशी जुळवा. नळी वेगळी निघाली तर ते पोतं वेगळं ठेवून लगेच व्यापाऱ्याला फोन करा.

मग काउंट, म्हणजे सुताच्या बारीकपणाचा आकडा; आकडा जितका मोठा तितकं सूत बारीक. सूत मोजून गुंडाळायच्या चाकाचा, म्हणजे रॅपिंग रीलचा, घेर दीड वार, 80 फेऱ्यांत 120 वार सूत होतं, ती एक ली. 64.8 ला लीच्या ग्रॅममधल्या वजनाने भागा, की काउंट निघतो. विसाच्या सुताची ली 3.24 ग्रॅम भरायला हवी. 3.40 भरली तर काउंट 19 वर आला. ठरलेल्या विणीत टॉवेल जड होतो आणि तेवढ्याच सुतात नग कमी निघतात. एका कोनवर निकाल देऊ नका. प्रत्येक फोडलेल्या पोत्यातून ली काढा, कारण सरासरी बरोबर असूनही कोनाकोनांत फरक असू शकतो.

इथे सोलापूरच्या उन्हाळ्याचं भान ठेवा, हे फार जण विसरतात. सुती धाग्याचं व्यापारी वजन साडेआठ टक्के ओलावा धरून असतं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उघडं पडलेलं सूत ओलावा सोडतं, ली हलकी भरते आणि सूत आहे त्यापेक्षा बारीक दिसतं. ओलावा पाच टक्क्यांवर उतरला तर खरं 19.4 चं सूत रीलवर 20 दाखवतं! म्हणून ओलावा मोजल्याशिवाय काउंट पास करू नका. पोत्यांचं वजनही गाडी उतरताच घ्या, दोन दिवसांनी घेतलेल्या वजनावर तक्रार टिकत नाही.

सगळ्यात महाग पडतो तो मिसळलेला लॉट. पांढऱ्या सुतात तो उघड्या डोळ्यांना दिसत नाही, रंगाई झाल्यावर टॉवेलवर पट्टे उठतात आणि मग डाईंगवाल्याशी भांडण. अंधाऱ्या खोलीत यूव्ही दिव्याखाली कोन शेजारी शेजारी ठेवा. कापसाचं मिक्सिंग वेगळं असेल तर बहुतेक वेळा चमक वेगळी दिसते. शंका आली तर त्या कोनांच्या छोट्या लडी करून एकाच पाण्यात फिरोजी किंवा राखाडी रंगात काढून बघा. डाईंगवाले हे आनंदाने करून देतात, कारण दोष शेवटी त्यांच्याच माथी येतो.

काउंटमध्ये किती फरक चालेल, ओलावा आणि तक्रारीची मुदत पुढच्या ऑर्डरवर लिहूनच घ्या. आणि प्रत्येक लॉटचा एक कोन चलन नंबर लावून, माल विकला जाईपर्यंत जपून ठेवा.