गाठ दोन सेंटीमीटरची, मग अर्धं लिव्हर का काढायचं?

प्रश्न: डॉक्टर, बाबा ६३ वर्षांचे आहेत. आधी अंगाला खाज सुटली, वाटलं साबण बदललाय म्हणून, मग लघवी काळ्या चहासारखी आणि संडास पांढरट. गावी कावीळ उतरवायला नेलं त्यात पंधरा दिवस गेले. एमआरसीपीत (पित्तनलिकांचा एमआरआय) पित्तनलिकेच्या फाट्यावर २ सेंटीमीटरची गाठ निघाली. सर्जन म्हणतात उजवं लिव्हर काढावं लागेल, पण आधी स्टेंट (अडलेलं पित्त वाहतं करणारी बारीक नळी), मग अजून महिनाभर थांबा. एवढ्याशा गाठीला एवढं ऑपरेशन? आणि थांबायचं कशाला? किती वर्षं मिळतील? - एक मुलगी, कोथरूड

उत्तर: ताई, गाठ छोटीच आहे पण बसलीय चुकीच्या चौकात. उजव्या-डाव्या लिव्हरमधून येणाऱ्या नळ्या जिथे मिळतात तिथे. ह्याला क्लॅटस्किन ट्यूमर म्हणतात, १९६५ साली ह्यावर लिहिणाऱ्या अमेरिकन डॉक्टरांच्या नावावरून. हा कॅन्सर नळीच्या भिंतीतून आतल्या आत सरकतो, स्कॅनमध्ये दिसतो त्याच्या पुढेही असतो, म्हणून नुसती गाठ कापली तर कडेला पेशी राहतात आणि तो परत येतो. त्यासाठीच नळीसोबत त्या बाजूचं लिव्हरही काढतात.

आता थांबायचं का. उजवा भाग मोठा, तो गेला की साधारण एक तृतीयांश लिव्हर उरतं. धडधाकट माणसाला २५-३० टक्के पुरतं, पण कावीळ झालेल्या लिव्हरला ४० च्या आसपास लागतं. म्हणून स्टेंटने पित्त उतरवतात आणि उजव्या बाजूची पोर्टल व्हेन (लिव्हरला रक्त नेणारी शीर) बंद करतात, मग तीन-चार आठवड्यांत डावी बाजू वाढते. हा वेळ वाया जात नाहीये, वाया गेले ते गावचे पंधरा दिवस (रागावत नाही, पुण्यातलेही जातात!).

किती वर्षं, हे आज कोणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. ऑपरेशननंतरच्या बायोप्सी रिपोर्टमध्ये दोन गोष्टी बघा, कडा स्वच्छ आहेत का आणि लिम्फ नोडमध्ये (जवळच्या लसिकाग्रंथींत) कॅन्सर आहे का. कडा स्वच्छ असतील तर ढोबळमानाने शंभरातले २० ते ४० जण पाच वर्षं पार करतात, नोड लागले असतील तर कमी. नंतर सहा महिने कॅपेसिटाबीनच्या (केमोच्या) गोळ्या सुचवतात, त्या बहुतेकांना झेपतात.

सीए १९-९ (कॅन्सरसाठी करतात ती रक्ततपासणी) चा आकडा बघून घाबरू नका, तो काविळीनेही वाढतो.

आणि स्टेंटनंतर थंडी वाजून ताप आला तर रात्रीचे अकरा वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा, क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका.