वसतिगृहाच्या नव्या रेक्टरांना
नशेचा माग काढायला मुलांच्या खोल्या हुंगत फिरू नका. वास येण्याच्या कितीतरी आधी वागणे बदललेले असते. मेसमध्ये ताट अर्धवट टाकणारा, रात्रभर जागून तासांना दांडी मारणारा, उसनवारी वाढवणारा आणि हातावरच्या खुणा झाकायला ऐन मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट न सोडणारा मुलगा नशेत असेल किंवा नैराश्यात, पुष्कळदा दोन्हींत. निदान मात्र मानसोपचारतज्ज्ञांवर सोपवा. रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली, तर दोन-तीन दिवसांत कंप, झटके, भास होऊ शकतात. ते ढोंग समजून त्याला खोलीत कोंडणारे महाभाग आहेत, तुम्ही थेट रुग्णालय गाठा. मरणाची भाषा कानावर आल्यास ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारा, विचारल्याने धोका वाढत नाही. त्याला एकटे न सोडता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर, अपरात्रीसुद्धा, फोन लावा.