फॅशन डिझाइन शिकणारे कपड्यांमागच्या शोषणाचा विचार करतात का? फॅशनला कला म्हणावं का? आणि तुम्ही स्वतः काय घालता? माझ्याकडे कपड्यांसाठी पैसे कमी असतात.

मी पुण्यात फॅशन डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे, घर इचलकरंजीला. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं माझ्या बाबतीत एकाच शब्दापासून निघतात, म्हणून आधी तो सांगते. माया.

आई घरी ब्लाउज शिवते. कापड बेतताना शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला शिवणकामात माया म्हणतात. आई बाजूच्या शिवणीत दीड इंच माया सोडते आणि शेजारी शेजारी तीन शिलाया मारते. बाई बाळंत झाली, अंगानं भरली, की एक शिलाई उसवायची आणि ब्लाउज पुन्हा बसतो. पुढे दुसरी. शिवणारीला त्या बाईची पुढची दहा वर्षं डोळ्यांसमोर असतात.

पहिल्या वर्षी आम्हाला एक तयार कपडा विकत आणून तो पूर्ण उसवायला सांगितला होता. मी रस्त्यावरून 250 रुपयांचा टॉप आणला. आत ओव्हरलॉकची, म्हणजे कड कापत गुंफणाऱ्या यंत्राची, जेमतेम पाव इंचाची शिवण, त्यापुढे कापडच नाही. समोरचा भाग ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्याच्या रेषेत न धरता जरा तिरका कापलेला, त्यामुळे दोन धुण्यांत तो पिळवटून बाजूची शिवण पोटावर आली असती. मला आधी वाटलं, शिवणाऱ्यानं हयगय केली. तसं नसतं. कारखान्यात कापडाचे थर एकावर एक अंथरतात आणि वर मार्कर ठेवतात, म्हणजे कोणता भाग कुठे कापायचा याचा आराखडा. कपड्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा कापडाचाच असतो. भाव आधीच ठरवून ऑर्डर आली की मार्करमध्ये भाग एकमेकांना खेटवायचे, तिरके करायचे, माया खायची. दहा हजार नगांमागे त्यातून ताग्याच्या ताग्यांची बचत होते. तिथे वाचवण्यासारखं काही उरलं नाही की कात्री मजुरीवर चालते, आणि त्यानंतर इमारतीवर.

इमारतीवर हे मी उगाच म्हणत नाही. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ सावरमध्ये राणा प्लाझा ही कपडे कारखान्यांची इमारत कोसळली. आदल्या दिवशीच तडे दिसले होते. खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावलं. 1134 माणसं गेली. युरोप-अमेरिकेतल्या बड्या दुकानांचे कपडे तिथे शिवले जात होते. वर्गात त्या ढिगाऱ्याचे फोटो दाखवले तेव्हा मला शिवणयंत्रं ओळखू आली, आमच्या लॅबमध्ये होती तसलीच.

गेल्या वर्षी मी सहा आठवडे एका निर्यातीच्या युनिटमध्ये शिकायला होते. भिंतीवर फळा, त्यावर तासातासाचं टार्गेट. बायका दुपारपर्यंत पाणी पीत नसत, कारण बाथरूमला उठलं की नग मागे पडतो. माझ्या शेजारच्या मावशी अकरा वर्षं शर्टाला फक्त कॉलर लावत होत्या. मी विचारलं, घरी नातवाला शिवता का काही? त्या म्हणाल्या, "मला कॉलर येते गं, शर्ट येत नाही." अकरा वर्षं हातात कापड असून अख्खा कपडा शिवता न येणं, हे मला मजुरीइतकंच टोचलं. त्यांच्याकडून कसबसुद्धा काढून घेतलं होतं.

तर हो, विचार करतो. पण 250 चा टॉप घेणाऱ्या मुलीला मी कधीच दोष देणार नाही. महागाचा कपडा म्हणजे न्याय्य कपडा, असंही नसतं. चार हजारांचा ड्रेस उलटून बघा, कित्येकदा आत तीच पाव इंच शिवण असते.

कॉलेजात हातमाग म्हणजे चांगला आणि यंत्रमाग म्हणजे वाईट असा एक सूर असतो. मला तो पटत नाही. इचलकरंजीत 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि त्यावर आमचं अख्खं गाव उभं राहिलं. माझे वडील मागावर आहेत. मजुरी पिकावर ठरते, पिक म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी. लाइट गेली की माग थांबतो आणि मजुरीही थांबते. इतक्या वर्षांच्या खडखडाटानं त्यांना आता एका कानानं कमी ऐकू येतं. हे कापडसुद्धा माणसंच विणतात. माझा राग आहे तो यंत्रावरचं कापड हातमागाची पैठणी म्हणून खपवण्यावर. खरी पैठणी ओळखायची तर पदर उलटा करा. हातानं विणलेल्या पदराचा मोर मागूनही पुढच्यासारखाच स्वच्छ दिसतो. मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसले तर ते येवल्यातल्या विणकराचे महिने नव्हेत.

आणि पाणी. आमच्याकडे कापड रंगवण्याच्या प्रोसेसचं रंगीत पाणी काळ्या ओढ्यातून पंचगंगेला मिळतं, हे लहानपणापासून बघत आलेय. तमिळनाडूत तिरुपूरची नोय्यल नदी याच मार्गानं गेली होती. 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं तिथल्या डाइंग म्हणजे रंगाईच्या युनिटना टाळं लावायला सांगितलं, आणि पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची व्यवस्था करावी लागली तेव्हा कुठे ती युनिट पुन्हा सुरू झाली. त्यासाठी पैसा लागला, भांडणं झाली. पण मी कापडी पिशवी वापरून पंचगंगा सुधारणार नाही, हे मला या उदाहरणानं शिकवलं. खरेदी करताना विचार करावाच, पण कायद्याचं काम खरेदीनं होत नाही.

आता कलेचं. भानू अथैया कोल्हापूरच्या. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकला शिकल्या, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या चित्रकारांच्या गटाबरोबर चित्रं मांडली, नंतर कपड्यांकडे वळल्या आणि 1983 मध्ये 'गांधी'च्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळवला. ऑस्कर मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय. त्या चित्रपटात सूट घालणारा बॅरिस्टर पंचा नेसणारा माणूस होतो, आणि तो बदल कापडातून दाखवायचा असतो. ही कला नसेल तर काय आहे? फॅशनला मी बेधडक कला म्हणते.

माझी हरकत पुढच्या पायरीवर आहे. ज्याची सही आहे तो कलाकार आणि बाकीचे कारागीर, ही वाटणी मला मान्य नाही. नऊवारी बघा. कात्री न लावलेलं एक लांब कापड. कोळणीनं नेसलं की गुडघ्याच्या वर, भात लावणारीनं नेसलं की वाकताना कुठे अडकत नाही, लावणी करणारीनं नेसलं की त्यात नाच मावतो. एवढं डोकं कुणी लावलं? नाव नाही. म्हणून ती 'परंपरा' होते, डिझाइन होत नाही.

जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. इकडे ओरड झाल्यावर, महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेनं पत्र लिहिल्यावर त्यांनी प्रेरणा मान्य केली. कोल्हापुरीला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी. तेव्हा आपण सगळे चिडलो, मीही. पण चिडताना एक गोष्ट फार कमी जणांनी बोलून दाखवली. ज्या ढोर आणि चर्मकार समाजांनी बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडं कमावलं, पट्टे कापले, वेण्या गुंफल्या, त्यांना आपणच गावाबाहेर ठेवलं होतं. त्यांची नावं मिलाननं घेतली नाहीत, हे खरं. आपण तरी कधी घेतली? फॅशनच्या नैतिकतेवर महाराष्ट्रात बोलायचं आणि जात वगळायची, हे मला अर्धवट वाटतं.

मी काय घालते? आईच्या दोन जुन्या सुती साड्यांचे कुर्ते. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाचा एक ड्रेस, जो मला सर्वांत आवडतो. खणाचा पन्हा, म्हणजे रुंदी, कमी असते, नेहमीचा कट बसतच नाही, म्हणून मी त्याला कळ्या टाकल्या आणि घेर आपोआप आला. माझी स्टाइल अशीच घडत गेली, कापडानं अडवलं की वाट काढत. काळी पँट आणि जीन्स विकतची, स्वेटर जुन्या बाजारातला. ज्याचा कंटाळा येतो ते कधी बोहारणीकडे जातं, कधी आज्जीच्या गोधडीत. बोहारणीला मी फार मानते. भांड्यावर साडी घेणाऱ्या या बायका जुने कपडे धुऊन, दुरुस्त करून पुन्हा कुणाच्या तरी अंगावर पोहोचवतात, आणि हे काम त्या 'सस्टेनेबल' हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून करत आल्यात.

तुम्ही पैसे कमी असल्याचं लिहिलंय. मग वर्षातून एक-दोन कपडे शिवून घ्या. कापड आणताना पाव मीटर जास्त आणा. टेलरला स्पष्ट सांगा की दोन्ही बाजूंना दीड इंच माया ठेवा, ओव्हरलॉक मारून कापून टाकू नका, खाली दुमड मोठी ठेवा आणि उरलेली चिंधी परत द्या. ठिगळ लावायची वेळ येते तेव्हा त्याच रंगाचं कापड बाजारात कधीच मिळत नाही. काही टेलर कुरकुर करतील, कारण जास्तीच्या शिलाईला वेळ लागतो. त्या वेळेचे पैसे त्यांना वेगळे द्या.