एक्सेलमधील दैनंदिन नोंदींचा, कालावधी निवडताच बदलणारा आलेख कसा तयार करावा?

चिकोडी तालुक्यातील आपल्या दूध संस्थेच्या सकाळ-संध्याकाळच्या संकलनाची तीन वर्षांची नोंद एक्सेलमध्ये आहे, आणि संचालकांच्या बैठकीत कोणी ‘मागच्या उन्हाळ्याचे दाखवा’ म्हटले की दर वेळी नवा आलेख काढत बसावे लागते, अशी आपली अडचण आहे. खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या संस्थेचे हिशेब मी पाहतो, त्यामुळे ही अडचण माझ्या चांगल्या परिचयाची आहे. आलेख तयार करण्याचे काम पंधरा मिनिटांचे आहे. सगळा वेळ जातो तो तारखा दुरुस्त करण्यात. म्हणून आधी तारखांबद्दलच लिहितो.

एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे एक संख्या असते. १ जानेवारी १९०० या दिवसाला १ धरून पुढे दिवस मोजले जातात. १९ सप्टेंबर २०२३ ही तारीख आत ४५१८८ अशी साठवलेली असते आणि दुपारचे बारा म्हणजे त्यापुढचे ०.५. ही संख्या तयार झाली नाही, तर आपल्याला तारीख दिसते, पण एक्सेलला ती नुसता मजकूर वाटते. आपल्याकडे ५.७.२३ असे टिंबे देऊन लिहिण्याची सवय आहे, आणि ती नोंद बहुतेक वेळा मजकूर म्हणूनच राहते. ओळखण्याची खूण सोपी आहे: रकान्याला (म्हणजे एका चौकटीला) डावी-उजवी अशी कोणतीही मांडणी दिलेली नसेल, तर खरी तारीख उजव्या कडेला चिकटते आणि मजकूर डाव्या. अशा नोंदी असलेला स्तंभ निवडून ‘डेटा’मधील ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडावे आणि शेवटच्या पायरीवर तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा सांगावा; टिंबे असली तरी तारखा नीट होतात. (इथे मी अंक देवनागरीत लिहीत असलो, तरी तक्त्यात इंग्रजी अंकच टंकावेत.)

याहून फसवा प्रकार माझ्या वाट्याला आला होता. संकलनाच्या मशीनमधून निघणारी सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची साधी मजकुरी फाईल) मी सरळ दोनदा क्लिक करून उघडत असे, आणि त्या संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकी, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर अशी होती. त्यामुळे ०५/०७/२०२३ ही ५ जुलैची नोंद ७ मे झाली, तर १३ जुलैपासून पुढच्या नोंदींना तेरावा महिना नसल्यामुळे त्या मजकूर म्हणून राहिल्या. आलेखात जुलैच्या पहिल्या बारा दिवसांचे दूध वर्षभर दर महिन्याच्या ७ तारखेला विखुरलेले दिसत होते, आणि त्यातली केवळ ७ जुलैची नोंद आपल्या जागी होती. अशा उलटलेल्या तारखा आधीच संख्या बनलेल्या असल्याने ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ने त्या सुधारत नाहीत. विंडोजची प्रादेशिक मांडणी ‘इंग्लिश (इंडिया)’ करून मूळ फाईल पुन्हा आणणे हाच मला सरळ मार्ग वाटतो.

तारखा खऱ्या झाल्या की तक्ता उभा ठेवावा: तारीख, वेळ (सकाळ किंवा संध्याकाळ), लिटर आणि फॅट (दुधातील स्निग्धांशाची टक्केवारी). प्रत्येक संकलनाला एक ओळ द्यावी. दर महिन्याला वेगळे पान करू नये. मग तक्त्यात कुठेही उभे राहून कंट्रोल आणि टी दाबावे, म्हणजे तो ‘टेबल’ होतो आणि खाली भरलेल्या नव्या ओळी आपोआप त्यात येतात.

आता या टेबलवरून पिव्होट टेबल (नोंदींची हवी तशी बेरीज करून देणारा सारांश-तक्ता) आणि त्यावरचा आलेख, म्हणजे पिव्होट चार्ट, तयार करावा. ओळींमध्ये तारीख, स्तंभांमध्ये वेळ आणि मूल्यांमध्ये लिटरची बेरीज ठेवली आणि आलेखाचा प्रकार ‘लाइन’ निवडला की सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन रेषा मिळतात. एक्सेल २०१६ पासून तारखांचे वर्ष, तिमाही आणि महिना असे गट आपोआप पडतात. रोजचे आकडे हवे असतील तर तारखेवर उजवे क्लिक करून ‘अनग्रुप’ करावे. त्यानंतर ‘इन्सर्ट टाइमलाइन’ निवडून तारीख हे क्षेत्र द्यावे. ही सोय एक्सेल २०१३ पासून आहे. आलेखाशेजारी महिन्यांची एक पट्टी येते. तीवर मार्चपासून मेपर्यंत बोट ओढल्यासारखा माउस ओढला की आलेख तेवढाच उरतो. स्तंभात एखादी मजकुरी तारीख राहून गेली असेल, तर टाइमलाइन घेण्यास एक्सेल बहुधा नकार देते, तेव्हा दोष तिथेच शोधावा. नव्या ओळी भरल्यावर ‘रिफ्रेश’ करण्यास मात्र विसरू नये. बैठकीत ऐनवेळी जुने आकडे दिसतात ते याच कारणाने.

फॅटच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. पिव्होट टेबलमध्ये फॅटची साधी सरासरी घेतली, तर सकाळचे ३०० लिटर ४.० फॅटचे आणि संध्याकाळचे १०० लिटर ४.८ फॅटचे मिळून ४.४ दिसेल, पण प्रत्यक्षात त्या दुधाची फॅट ४.२ आहे. उत्पादक रेषेकडे बोट दाखवून दराचा प्रश्न विचारतात, तेव्हा हा फरक किरकोळ राहत नाही. मूळ टेबलमध्ये लिटर गुणिले फॅट असा एक स्तंभ वाढवावा आणि पिव्होटमध्ये ‘कॅल्क्युलेटेड फील्ड’ करून त्याला लिटरने भागावे. हे क्षेत्र आधी बेरजा करते आणि मग भागाकार करते, त्यामुळे कोणताही कालावधी निवडला तरी उत्तर बरोबर येते.

गुगल शीट्समध्ये अशी टाइमलाइनची पट्टी नाही. तिथे दोन रकान्यांत ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या तारखा ठेवून फिल्टर फंक्शनने तेवढ्याच ओळी दुसऱ्या पानावर आणाव्यात आणि आलेख त्या पानावरून काढावा. नव्या एक्सेलमध्येही हे चालते.

शेवटी, वर्षांची तुलना करताना येणारी एक अडचण सांगतो. गणपतीत घरोघरी दूध राहते आणि आमचे संकलन खाली येते. पण गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती. एक्सेलला तिथी कळत नाही, त्यामुळे महिन्यावर महिना ठेवून पाहिल्यास २०२५ चा ऑगस्ट उगाच वाईट दिसतो. मी ‘सण’ असा एक स्तंभ ठेवला आहे. त्यात त्या दहा-बारा दिवसांपुढे ‘गणपती’ आणि इतर दिवसांपुढे ‘नेहमीचा’ असे लिहितो, आणि त्यावर एक स्लायसर (क्लिक करून नोंदी गाळण्याच्या बटणांची चौकट) बसवला आहे. एका क्लिकने ते दिवस बाजूला करता येतात, आणि ऊसतोडीत वाडे (उसाच्या शेंड्यांचा हिरवा चारा) मिळू लागल्यावर दूध खरोखर वाढते की नाही, हे त्यानंतरच नीट दिसते.