तांब्याचा हंडा आणि शंखातला खेकडा: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात खाऱ्या पाण्याच्या टँकबद्दल लिहिलं होतं आणि त्यावर आलेल्या मेसेजांत निम्मे प्रश्न एकाच जीवाबद्दल निघाले, छोटे हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारे खेकडे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं एवढ्या लोकांच्या घरात रीफ टँक (प्रवाळ ठेवलेले खाऱ्या पाण्याचे टँक) आहेत हे बघून खरंच आनंद झाला. म्हणून आजचं सगळं पान त्यांनाच.

प्रश्न: काका नमस्कार, मी निपाणीचा. घरी १२० लिटरचा टँक आहे, दीड वर्ष झालं. त्यात सहा ब्लू लेग हर्मिट होते, मस्त फिरायचे. मागच्या महिन्यात पाणी बदललं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतोय तर चार खेकडे शंखातून बाहेर येऊन पडलेले, मासे मात्र ठणठणीत. मीठ तेच, पंप तोच. आरओ मशीन बिघडलेलं म्हणून आईनं हंड्यात भरून ठेवलेलं पाणी घेतलं एवढंच. ते पाणी तर आम्ही पितो.

उत्तर: हंडा तांब्याचा ना? "मासे ठणठणीत" हे वाचलं आणि मला तिथंच शंका आली. क्लोरीन किंवा अमोनियाचा प्रॉब्लेम असता तर मासेही वर येऊन धापा टाकायला लागले असते. खेकडे, झिंगे, गोगलगायी तेवढ्या जातात आणि माशांना काही होत नाही, असं झालं की पहिला संशय तांब्यावर घ्यायचा. आपल्याकडं घरोघरी हंडा, घागर, बंब तांब्याचा, रात्रभर पाणी ठेवायचं आणि सकाळी प्यायचं, त्यात आईची काही चूक नाही, माणसाला तेवढं तांबं चालतंय. खेकड्याच्या कल्ल्यांना चालत नाही. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर औषध घालताना टँकच्या पाण्यात लिटरला ०.१५ ते ०.२५ मिलिग्रॅम तांबं ठेवतात, मासा तेवढं सोसतो, पण खेकडा त्याच्या कितीतरी कमीत जातो. आणि गंमत बघा, खेकड्याच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारा पदार्थ तांब्यावरच चालतो, आपल्यात लोहावर चालतो तसा. म्हणजे त्याला तांबं लागतंयच, पण खाण्यातून मिळतं तेवढं कणभर, पाण्यात विरघळलेलं नको.

आता काय करायचं ते सांगतो. कॉपर टेस्ट किट आणून आधी खात्री करा. तोवर चांगल्या आरओ पाण्यात मीठ कालवून दोन-तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा पाव-पाव टँक पाणी बदला, फिल्टरमध्ये नवा ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला, तांबं शोषून घेणारं मीडिया (फिल्टरमध्ये भरायचं मटेरियल) मिळालं तर फारच बरं. उरलेल्या दोघांना हात लावू नका. टँकमध्ये पूर्वी कधी तांब्याचं औषध घातलं असेल तर दगड आणि वाळू ते धरून ठेवतात आणि हळूहळू सोडत राहतात, त्यामुळं एकदा टेस्ट चांगली आली म्हणून लगेच नवीन खेकडे आणू नका. महिनाभर थांबा, दोन-तीनदा तपासा.

अजून एक, हे सगळ्यांसाठीच. हल्ली घरातली बरीच आरओ मशीनं "कॉपर"वाली येतात, म्हणजे शुद्ध केलेल्या पाण्यात मुद्दाम तांबं सोडणारी. ते पाणी टँकला अजिबात नको. पितळी तोटीचं, पितळी कॉकचं पाणी पण नको. आणि उद्यमबागेत फौंड्रीत, मशीन शॉपमध्ये काम करणारे भाऊ असतील त्यांनी घरी आल्या आल्या टँकमध्ये हात घालायचा नाही, कोपरापर्यंत धुऊन मगच.

प्रश्न: टिळकवाडीत राहतो. टँक १५० लिटर. दुकानदार म्हणाला शेवाळ खाऊन सगळं साफ ठेवतात, २५ हर्मिट सोडा, खायला काही घालायचं नाही. सोडले. पहिले दोन महिने दगड एकदम चकाचक. आता गोगलगायी रोज एक कमी होतेय आणि खेकडे पण १३-१४ च दिसतात. कुठं जातात?

उत्तर: दादा, ते एकमेकांना आणि गोगलगायींना खायला लागलेत. रागावू नका त्यांच्यावर, त्यांच्यापुढं दुसरा मार्ग ठेवलेला नाही. २५ खेकड्यांनी दोन महिन्यांत दगडावरचं शेवाळ संपवलं, मग खायचं काय? आणि दुसरं म्हणजे शंख. खेकडा वाढतो, शंख वाढत नाही. रिकामा मोठा शंख मिळाला नाही की तो जिवंत गोगलगायीकडं बघतो, तिला उपसून खातो आणि तिच्या घरात जाऊन बसतो.

हे मी कळकळीनं लिहितोय कारण माझ्या पहिल्या टँकमध्ये हेच झालं. मलाही दुकानात हेच सांगितलं होतं, की हे सफाईला असतात, यांना घालायचं नसतं. मी विश्वास ठेवला, आणि सात-आठ महिन्यांत एकेक करत सगळे गेले, आणि मी समजत होतो की त्यांचं आयुष्यच तेवढं असतं. तसं नाहीये. नीट ठेवले तर हे कित्येक वर्षं जगतात. आणि एक लक्षात घ्या, दुकानात मिळणारे जवळजवळ सगळे समुद्रातून पकडून आणलेले असतात. मादी घरच्या टँकमध्ये अंडी धरते, पण त्यातून निघालेली पिल्लं आधी बरेच दिवस पाण्यात तरंगत राहतात, पंपात आणि फिल्टरमध्ये जातात, टिकत नाहीत. म्हणजे आपल्याकडं एक मेला की त्याच्या जागी समुद्रातून दुसरा आणला जातो.

तुमच्या १५० लिटरला माझ्या मते सहा, फार तर आठ. जास्तीचे कुणा टँकवाल्या मित्राला द्या. राहिलेल्यांना आठवड्यातून दोनदा तरी घाला, बुडणारे पेलेट, नोरीचा (सुकवलेल्या समुद्री शेवाळाच्या कागदाचा) नखाएवढा तुकडा, नाहीतर कॅम्पातल्या मासळी बाजारातून ताजी कोळंबी आणता तेव्हा त्यातला मुगाएवढा तुकडा बिनमिठाचा. सुकट, जवळा बऱ्याचदा खारवलेला असतो, तो नको. आणि दर खेकड्यामागं तीन रिकामे शंख वाळूवर टाकून ठेवा, आत्ताच्या शंखापेक्षा किंचित मोठ्या तोंडाचे. गोल तोंडाचे बघा. कवडी चालत नाही, तिच्या फटीतून तो आत जाणार कसा? गोव्याला रस्त्यावर रंगवलेले शंख मिळतात ते तर नकोच, रंग सुटतो पाण्यात. साधे शंख घ्यायचे, उकळायचे, ब्रशनं आतून घासायचे आणि सोडायचे. पण घेताना चौकशी करा, काही जातीचे शंख १९७२ च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहेत.

प्रश्न: खानापूरहून लिहितेय. दादा, माझा लाल पायांचा हर्मिट मेला. सकाळी दगडाजवळ अख्खा पडलेला, पाय, नांग्या, डोळे सगळं. मुलगी रडायला लागलीय. काढून टाकू काय?

उत्तर: ताई थांबा, काढू नका! बहुतेक त्यानं कात टाकलीय. चिमट्यानं हळू उचलून बघा. कात असेल तर कागदासारखी हलकी, आतून पोकळ आणि डोळे काचेसारखे आरपार, आणि पाठीकडं उकललेली दिसेल. मेलेला असेल तर मऊ मांस लोंबतंय आणि वास असा मारतो की विचारायलाच नको. कात असेल तर तुमचा खेकडा दगडाच्या कपारीत दडून बसलाय. नवं कवच मऊ असतंय, ते घट्ट होईपर्यंत तो चार-पाच दिवस बाहेर येणार नाही, कधी त्याहून जास्त. दगड उचलून शोधू नका, बाकीच्यांना या दिवसांत जरा जास्त घाला म्हणजे ते त्याच्या मागं लागणार नाहीत. कात तिथंच राहू द्या, कधी कधी ते ती खातात. मुलीला सांगा रडू नको, आठवडाभर वाट बघायची.

प्रश्न: हर्मिट कोरल (प्रवाळ) खातात काय? माझ्या झोआंवरून, म्हणजे बटणासारख्या छोट्या कोरलवरून, दिवसभर चालतात.

उत्तर: छोट्या जाती खात नाहीत. त्यांच्यामध्ये अडकलेलं खाणं वेचतात, त्यामुळं झोआ थोड्या वेळ मिटतात, परत उघडतात. नीट चिकटवलेले नसतील तर तुकडे मात्र पाडतात, ग्लू लावा. मोठ्या केसाळ लाल जाती आणू नका, त्या वाढून मुठीएवढ्या होतात आणि झोपलेला मासासुद्धा सोडत नाहीत. आणि कोरलचा विषय निघालाच आहे म्हणून, आपल्या किनाऱ्यावरून कोरल उचलणं २००१ पासून कायद्यानं बंद आहे, मेलेलं पांढरं दिसलं तरी उचलायचं नाही.

प्रश्न: आम्ही शहापूरचे. मे महिन्यात चोर्ल्यावरनं गोव्याला गेलेलो, पोरांनी खडकातल्या डबक्यातनं चार हर्मिट बाटलीत भरून आणले. एक वाटेत गेला. बाकीच्यांना घरातलं मीठ घालून पाणी केलंय, पण हलेनात. काय करूया?

उत्तर: अहो, घरच्या मिठाचं पाणी म्हणजे समुद्राचं पाणी नव्हे. समुद्रात मिठाबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरंच काय काय असतं, खेकड्याचं कवच त्यावरच होतं. लगेच ॲक्वेरियमचं सी सॉल्ट आणा, आरओ पाण्यात कालवून रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं उपकरण) १.०२५ करा, हवेचा पंप लावा. खेकडे मात्र त्यात एकदम टाकू नका, बारीक नळीला गाठ मारून थेंब थेंब पाणी त्यांच्या भांड्यात सोडत दीड-दोन तास लावा. खारेपणाचा एकदम झटका बसला तर ते शंख सोडून बाहेर येतात आणि तसेच मरतात.

आणि नीट बघून घ्या हे पाण्यातलेच आहेत ना. किनाऱ्यावर वाळूत, झाडांखाली फिरणारे जमिनीवरचे हर्मिट वेगळे, त्यांना कायम पाण्याखाली ठेवलं तर ते गुदमरून मरतात. डबक्यातनं आणलेत म्हणजे तुमचे बहुतेक समुद्रातलेच. जगले तर सांभाळा, दुकानातल्या माशांबरोबर एकदा ठेवलेत की परत समुद्रात सोडू नका, इथला रोग तिथं जायला नको. पुढच्या वेळी पोरांना डबक्याकाठी तासभर बसून बघू दे, आणायचं नाही. शंख वेचला तरी वाळूवर उपडा ठेवून पाच-दहा मिनिटं थांबायचं, आत कुणी असेल तर पाय बाहेर काढतंय.

प्रश्न: पावसाळ्यात आमच्या गावात लाईट चार-चार तास जाते. खेकडे वर दगडावर चढून बसतात. हे नॉर्मल आहे काय? (खानापूर तालुका)

उत्तर: पाण्यात ऑक्सिजन कमी झाला की ते वर चढतात, म्हणजे ते तुम्हाला सांगायला लागलेत. बॅटरीवरचा एअर पंप घ्या, लाईट गेली की आपोआप सुरू होणारा मिळतो. नसेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी मगानं पाणी उपसून उंचावरून परत ओतत राहा. तुमच्याकडं पावसात गारवा असतो त्यामुळं एवढ्यावर निभावतं. एप्रिल-मेमध्ये मात्र पाणी २८ च्या वर गेलं तर पंखा लावा, आणि पंख्यानं पाणी आटतं, मीठ आटत नाही, म्हणून भर घालताना गोडं आरओ पाणीच घालायचं. थंडीत आपल्याकडं पहाटे चांगलाच गारठा असतो, हीटर २५ वर.

प्रश्न: काका, मी सहावीत आहे, वडगावात राहते. आमचा खेकडा शंख बदलतो ते मला बघायचंय, पण मी झोपल्यावरच बदलतो. त्याला शंख बसणार हे कसं कळतं?

उत्तर: बाळा, तो मोजून बघतो! नवीन शंख दिसला की आधी मिशा फिरवतो, मग तो शंख गोल गोल लोटतो, तोंडात नांगी घालून आत किती जागा आहे, वाळू अडकलीय काय ते चाचपतो. वाळू असली तर उपसून टाकतो. कधी कधी अर्धा तास हेच चालतं. मग दोन्ही शंखांची तोंडं समोरासमोर आणतो आणि एका झटक्यात मागचा भाग इकडून काढून तिकडं. तुला दिसलंच तर तेव्हाच दिसेल, त्याचं पोट अगदी मऊ आणि एका बाजूला वळलेलं असतं, शंखाच्या वळणासारखं, आणि शेवटचे दोन जोड पाय इवलेसे, आतून शंख धरून ठेवायला. म्हणूनच तो उघड्यावर सेकंदभरसुद्धा थांबत नाही. नवीन घरात गेल्यावर पण पटलं नाही तर परत जुन्यात येतो.

कधी कधी तर एक मोठा शंख मिळाला की खेकडे लहान-मोठे असे रांगेत उभे राहतात, पहिला मोठ्यात गेला की त्याच्या रिकाम्या शंखात दुसरा, दुसऱ्याच्यात तिसरा. माझ्या टँकमध्ये मी हे एकदाच बघितलं, तिघं होते.

तू असं कर. नवीन शंख उकळून गार केलेले संध्याकाळी टाक, पुढच्या काचेजवळ, आत दगडामागं नको. टँकची लाईट बंद झाली की टॉर्चला लाल जिलेटीन पेपर लावून शांत बस, पांढऱ्या उजेडाला तो आत ओढून घेतो, लालचं त्याला फारसं कळत नाही. काचेवर टकटक करू नकोस. शनिवारी रात्री बस म्हणजे दुसऱ्या दिवशी शाळा नाही. आणि बघितलंस तर मला लिहून कळव, कुठल्या शंखातून कुठल्यात गेला आणि किती वेळ लागला ते.