कवीच्या हातच्या ओळींना काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: ‘आवडत्या कवीने स्वतःच्या हाताने चार ओळी लिहून, खाली सही करून मला भेट दिल्या. चौकट करून लावायच्या आहेत. खालच्या पट्टीवर स्वाक्षरी लिहू, हस्ताक्षर लिहू की हस्तलिखित?’

‘स्वाक्षरी’ नको. स्वाक्षरी म्हणजे सही, फक्त नाव. तुम्हाला तर आख्खी कविता मिळाली आहे, तिला सहीत कशाला कोंबायचं?

‘हस्ताक्षर’ जवळचा आहे, पण एकटा वापरू नका. मराठीत हस्ताक्षर म्हणजे अक्षराचं वळण, तर हिंदीत सही. हल्ली हिंदीतला अर्थ मराठीतही शिरतो आहे, त्यामुळे वाचणारा घोटाळ्यात पडेल. ‘अमुक यांच्या हस्ताक्षरातील कविता’ असं लिहिलंत तर शंका उरत नाही.

‘हस्तलिखित’ म्हटल्यावर एवढंच कळतं, की हातानं लिहिलं आहे; कुणाच्या हातानं, ते कळत नाही. जुन्या पोथ्या बहुतेक लेखनिकांनी उतरवलेल्या. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ ची नोंद आहे, तिथे टीका केली ज्ञानेश्वरांनी आणि ‘लेखकु’ झाले सच्चिदानंदबाबा. रचणारा एक, लिहिणारा दुसरा.

तुमच्या बाबतीत दोघे एकच आहेत, आणि नेमकं तेवढंच सांगणारा सुरेख शब्द आपल्याकडे आहे: दस्तुरखुद्द. आज आपण तो ‘स्वतः, जातीने’ या अर्थी वापरतो, ‘दस्तुरखुद्द कलेक्टर आले’. पण मुळात दस्तुर म्हणजे हाताचं अक्षर. जुन्या कागदांत शेवटी ‘दस्तुर अमुक’ असं येई, म्हणजे लिहिणारा अमुक. मजकूर कारकुनाच्या हातचा असायचा, म्हणून धन्याने स्वतः लिहिलेल्या ओळीचं मोल वेगळं. ते ‘दस्तुरखुद्द’. हा जुना अर्थ पुन्हा वापरात यावा असं मला मनापासून वाटतं, आणि तुमची पट्टी ही त्याची हक्काची जागा आहे.

रवींद्रनाथांचं एक उदाहरण इथे नीट लागू पडतं. चीन-जपानच्या प्रवासात लोक त्यांच्यापुढे पंखे आणि रेशमाचे तुकडे धरत आणि ते त्यांवर दोन-चार ओळी लिहून देत. त्यातून ‘लेखन’ (१९२७) हा संग्रह झाला, आणि तो त्यांच्याच अक्षरात जसाच्या तसा छापला गेला. त्या पुस्तकाची प्रत रवींद्रनाथांच्या हस्ताक्षरातली खरी, पण दस्तुरखुद्द नव्हे. तो मान त्या पंख्याचा. तुमच्याकडे पंखा आहे, छापील पान नाही.

म्हणून पट्टीवर लिहा: ‘कवी अमुक यांनी दस्तुरखुद्द लिहून दिलेल्या ओळी’, आणि पुढे गाव व तारीख. कवीने कागदावर तारीख घातली नसेल, तर मूळ कागदाला हात लावू नका. चौकटीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहा.